दोन भोवऱ्यांचे राजे

तळेगाव ढमढेऱ्यात लग्न कुणाचंही असो, फेटे गोकुळचेच. तीस वर्षांत इतकी डोकी त्याच्या हाताखालून गेली होती की तो चेहरा विसरेल, पण डोकं नाही. हे काम त्याला शिकवलं सावळारामआप्पांनी. आप्पांनी उभा जन्म दुसऱ्यांना नटवलं. त्यांना मात्र मंचावर बोलावून मानाचा फेटा कुणी बांधला नाही. आज त्यांच्याच नातीचं, भाग्यश्रीचं लग्न होतं. गोकुळने आप्पांसाठी एकुलता एक जरीचा फेटा पिशवीच्या तळाशी दडवून ठेवला होता, आणि सकाळपासून स्वारी शीळ घालत होती.

तेवढ्यात आप्पांचा मुलगा, नवरीचे वडील जयसिंगराव धावत आले. "गोकुळ, जरीचा फेटा काढ. राजे आल्यात!"

राजे म्हणजे यशोधनराजे. उत्तरेकडच्या कुठल्याशा संस्थानाचे लहानपणी हरवलेले वारस, असं ते स्वतःच सांगत. हायवेवरच्या हॉटेलात त्यांची भेट झाली आणि दुसऱ्या चहाला जयसिंगरावांनी पत्रिका त्यांच्या हातात ठेवली.

"दादा, त्यो आप्पांसाठी..."

"आप्पा काय, घरचाच माणूस! त्यांना साधा बांध."

घरचा माणूस! गोकुळच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण लग्नघर पडलं. ओठ आवळून तो राजांच्या मागे उभा राहिला, केस चापून बसवले, आणि त्याचा हात थांबला. टाळूवर दोन भोवरे. अशा माणसाची दोन लग्नं होतात म्हणे; गोकुळला एवढंच ठाऊक, की त्याच्या डोक्यावर फेटा डावीकडे सरकतो. असं डोकं त्याने एकदाच बांधलं होतं.

फेटा बांधून तो कानाशी वाकला. "राजे, मागल्या साली कासुर्डीच्या वरातीत बँडवाल्यांचे फेटे मीच बांधले हुते. झांज लई झकास वाजवत हुता तुम्ही."

राजांचा चेहरा उतरला. "भाऊ, जेवूस्तोवर गप ऱ्हावा. जिलेबी हाय."

गोकुळला हसू आवरेना. "ऱ्हातो की. पण एक काम करा," म्हणत त्याने ते कानात सांगितलं.

माईकवर नाव पुकारलं गेलं. राजे डुलत मंचावर चढले. "आमच्या घराण्यात पहिला मान घरच्या वडीलधाऱ्यांचा! आप्पासाहेब कुठे आहेत?"

आप्पा पंगतीत भात वाढत होते. पोरींनी त्यांना ओढत मंचावर नेलं. राजांनी आपला फेटा त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि मनापासून पाया पडले. आप्पांनी फेटा काढला, आतून चाचपला. "दोन भोवऱ्याच्या डोक्याची बांधणी ही. मला कशी बसंल? गोकुळ, सोड आन् नवा बांध."

भरल्या मांडवासमोर गोकुळने गुरूच्या डोक्याभोवती पहिला पेच घेतला. डोळे भरले होते, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

वरातीत राजांनी झांज मागून घेतली. "राजांना कलेची केवढी आवड!" जयसिंगराव पाहुण्यांना सांगत सुटले. आप्पा तर असे नाचले की फेट्याचा पेच सुटला. गोकुळ बांधायला धावला.

"ऱ्हाऊ दे रं," आप्पा म्हणाले. "तू बांधलेला दिसला सगळ्यांस्नी."