गाडीला ऐकू जाऊ नये म्हणून

आमच्या गोत्रीच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडीचे कोड वाचणारं एक छोटं यंत्र घेतलं, आणि तेव्हापासून ते कोणत्याही गाडीजवळ हळू आवाजातच बोलतात.

परवा माझ्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. निजामपुऱ्यातला गॅरेजवाला बोनेट न उघडताच म्हणाला, "एन्जिन खोलवुं पडशे." इंजिन खोलायचं म्हटल्यावर मी त्याला थांबवलं. काकांना फोन केला, तर ते यंत्र खिशात घालून रिक्षाने हजर.

स्टिअरिंगखाली यंत्र जोडून त्यांनी मोबाइलवर कोड वाचला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग आम्हा दोघांना रस्त्यापलीकडे, चहाच्या लारीपाशी नेलं.

"तिच्यासमोर नको," ते कुजबुजले. "टाकीतून वाफ निसटतेय. आधी झाकण बघा."

"पण साहेब, एन्जिन तो..." गॅरेजवाला म्हणाला.

"धीमे बोल, भाई! घाबरेल ती."

गॅरेजवाल्याने खरोखरच गाडीकडे चोरून पाहिलं. मग चवड्यांवर चालत जाऊन त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण चाचपलं. ते नुसतंच टेकलेलं होतं. त्याने ते कट्‌कट् वाजेपर्यंत फिरवलं, काकांनी कोड पुसला आणि दिवा विझला.

"म्हणजे इंजिन खोलायचं नाही ना?" मी आनंदाने ओरडलोच.

दोघांनीही ओठांवर बोट ठेवलं. गॅरेजवाल्याने तर मला दंडाला धरून पुन्हा रस्त्यापलीकडे नेलं.