मामांनी उचललेला दोरा

सकाळी साडेसातला, शाळेला निघायच्या गडबडीत मामींचा फोन आला. "बेटा, तुन्हा मामा गयात..." एवढंच बोलल्या आणि फोन कोणाच्या तरी हातात दिला. एक चप्पल पायात, एक बाहेर, अशी मी उंबऱ्यातच बसले. सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलेय तर खरं लिहिते. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, बरं झालं बाई, निकाल लागल्यावर गेले. दोन महिने आधी गेले असते तर लोकांनी तिरडीमागं चालताना म्हटलं असतं, चांगला माणूस होता, पण ते शिकारीचं प्रकरण... आता तो 'पण' कोणाच्या तोंडात येणार नव्हता. झोपेतच गेले, तेही त्रास न होता. आज पाच आठवडे झाले, तरी रडू येतं त्यासोबत तो सुटकेचा श्वासही येतोच.

सुकदेवमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. खानदेशातून तरुणपणी सुरतेला आले आणि उधन्याच्या एका लूमच्या कारखान्यात लागले ते तिथंच म्हातारे झाले. शिकायला म्हणून चौथीपासून मी सुरतेतच, डिंडोलीला त्यांच्या घरी वाढले. त्यांना एक खोड होती. जमिनीवर पडलेला दोरा त्यांना बघवत नसे. कारखान्यात पडलेला दोरा मशीनमध्ये जातो, पायात येतो, म्हणून तो दिसला की उचलायचा, अंगठा आणि करंगळीभोवती इंग्रजी आठासारखा गुंडाळायचा आणि खिशात टाकायचा. कारखान्यात ठीक आहे हो, पण हे रस्त्यावर, दवाखान्यात, देवळात, सगळीकडे! माझ्या लग्नात मांडवात ते असेच वाकले आणि माझ्या सासऱ्यांना वाटलं, मुलीकडचे पाया पडतायत. त्यांनी घाईनं खांद्याला धरून उठवलं, तर मामांच्या हातात वीतभर लाल दोरा. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आते काय करू या माणूसले!" सासरे अजून ते सांगून हसतात.

कारखान्याला सुट्टी असली की मामा एकाच ठिकाणी जायचे. त्यांचं गाव तापीच्या काठावर. सुरतेत आल्यावर त्यांना कोणीतरी सांगितलं की हीच तापी पुढं हजीऱ्याच्या बाजूला समुद्राला मिळते. झालं! दोन बस बदलून, पुढं पायी चालत ते तिथं जाऊन बसायचे. "आपल्या गावाचं पाणी नीट पोचलं का बघून येतो," म्हणायचे. लहानपणी मीही खूपदा गेले. बसथांब्यापासून नदीपर्यंत एक पायवाट होती, काठावरच्या गावातल्या बाया मासळीच्या टोपल्या घेऊन त्याच वाटेनं यायच्या. दुतर्फा बाभळी, गवत, मधूनच टुणकन पळणारा ससा. तितर ओरडला की मामा थांबायचे आणि मलाही थांबवायचे.

मग ती सगळी जमीन एका बड्या शेठनं घेतली. शेकडो बिघ्यांचं फार्म झालं, मधोमध बंगला, आणि पायवाटेवर तारेचं कुंपण नि फाटक. शनिवार-रविवारी गाड्या भरून पाहुणे यायचे. तिथं ससे-तितरांच्या मेजवान्या झडतात असं गावात लोक कुजबुजायचे. गावकऱ्यांनी वाट मागितली तर मॅनेजर म्हणायचा, वाट कसली मागता, आत येऊन जनावरं मारता तुम्ही. गावकऱ्यांचा अर्ज मामलतदाराकडे गेला, त्यावर मामांनीही सही केली. खरं तर मामांचा काय संबंध? ना गाव त्यांचं, ना जमीन. मी चिडून म्हटलंही, "मामा, नदी बघायला डिंडोलीहून तिकडं कशाला तडफडताय?" म्हणाले, "वाट बंद कशी करतील बेटा? माणसं चालतात ना तिथून."

अर्ज करून महिना झाला असेल. सुट्टीच्या दिवशी मामा कुंपणाच्या कडेनं चालले होते. तारेखाली जिथून ससे ये-जा करतात, त्या प्रत्येक फटीत त्यांना फासकी दिसली. जाड दोऱ्याचे फास, जनावर मान घालून पुढं गेलं की आवळणारे. शहाण्या माणसानं काय केलं असतं? हात न लावता गावात जाऊन चार माणसं आणली असती. मामांनी काय केलं? एकेक फास कापला, अंगठा-करंगळीभोवती गुंडाळला आणि खिशात टाकला! सात फासकी. दोरा कापायची छोटी कातरही खिशातच, लूमवाल्याच्या खिशात ती असतेच. फाटकाशी मॅनेजरच्या माणसांनी धरलं, फॉरेस्टवाल्यांना बोलावलं, खिसा उलटा केला. पंचनामा झाला. रंगेहाथ सापडलेला शिकारी!

जामीन झाला, पण केस चार वर्षं चालली. फाटकावर मोठं कुलूप आलं, आणि वाट मागणारा कोणीही गेला की मॅनेजर मामांचं नाव घ्यायचा. गावकऱ्यांचा अर्जही तिथंच अडकला. मामांना हे सगळ्यात जास्त लागलं. माझ्यामुळं त्या बायांना टोपल्या घेऊन दूरच्या रस्त्यानं वळसा पडतो, म्हणायचे. आणि मी? मी त्यांच्या घरात वाढलेली, शाळेत मुलांना शिकवणारी... माझ्या सहकारी बाईंनी एकदा खोचक विचारलं आणि माझं डोकं फिरलं. त्याच संध्याकाळी मी मामांसमोर उभी राहून विचारलं, "मामा, खरं सांगा, तुम्ही नाही ना लावलेत?" ते चिडले असते तर बरं झालं असतं. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोरा उचलला... तेवढी चूक झाली." त्या दिवसापासून त्यांनी दोरा उचलणं सोडलं. रस्त्यानं चालताना दोन्ही हात मागं बांधून चालायचे. अंगणात दोरा पडलेला असला तर त्यावर नजर जायची, पाऊल अडखळायचं, आणि ते पुढं जायचे. माझ्या एका प्रश्नानं हे झालं, आणि ते मला रोज दिसत होतं.

शेवटच्या तारखांना मी शाळेतून रजा काढून कोर्टात बसायचे. एके दिवशी आमच्या वकीलबाईंनी पुराव्याचं सीलबंद पाकीट उघडायला लावलं. सात फासकी टेबलावर आली, तशीच आठासारखी गुंडाळलेली. मामांना विचारलं, या गाठी तुमच्या का? मामांनी चष्मा लावला, एक फास हातात घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला तशातही हसू आलं. "साहेब, ही गाठ माझी?" त्यांचा आवाजच चढला. "वाटाण्याएवढी आहे! अशी गाठ मागाच्या फणीतून जाईल का? ताणा तुटेल, कारखान्याचा शेठ मला त्याच दिवशी हाकलेल. आणि लावणारा माणूस फास सोडून नेतो, परत लावायला. कापून कशाला नेईल?" न्यायाधीशांनी दोऱ्याचे दोन तुकडे पुढं केले. "लो, बांधी बतावो." मामांची बोटं एकदा हलली, बस्स. न्यायाधीशांनी दोऱ्यावरून नख फिरवलं, गाठ कुठं आहे ते सापडेना. परत बांधायला लावलं, परत तेच. कोर्टातला शिपाईसुद्धा वाकून बघायला लागला.

महिन्याभरानं निकाल लागला, निर्दोष. फासकी कोणी लावली ते शेवटपर्यंत निघालं नाही. माझा माझा संशय आहे, पण नुसत्या संशयात एका माणसाची चार वर्षं कशी जातात ते मी बघितलंय, म्हणून गप्प बसते. त्या दिवशी आम्ही कोर्टाच्या पायऱ्या उतरत होतो. मामी बडबडत होत्या, वकीलबाई पेढे मागत होत्या. आणि मामा मध्येच थांबले. पायरीवर फायलीचा पांढरा दोरा पडला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं... मी म्हटलं, "उचला ना मामा." ते वाकले. मला तिथंच, लोकांसमोर, हुंदका फुटला. मामी म्हणाल्या, "आते कसाले रडस? सुटनात ना!"

मामांच्या नावावरचा डाग पुसला गेल्यावर मॅनेजरकडे बोलायला काही उरलं नाही. मामलतदारानं वाट जुनी असल्याचं मान्य केलं, फाटक दिवसा उघडं ठेवायचा हुकूम झाला. मामा एकदा जाऊन आले त्या वाटेनं. परत आले ते पाय दुखतात म्हणत, पण दोनदा वाढून घेऊन जेवले.

त्यांच्या अस्थी आम्ही तापीतच सोडायच्या ठरवल्या, समुद्राला मिळते तिथं. त्याच वाटेनं गेलो. रखवालदारानं आम्हाला बघितलं, मामींच्या हातातल्या गाडग्याकडे बघितलं, आणि अर्धं उघडं असलेलं फाटक पूर्ण उघडलं. टोपल्या घेतलेल्या दोघी बाया बाजूला सरकून उभ्या राहिल्या. नदीवरून परत येताना कुंपणाच्या खालच्या तारेत मला काहीतरी लोंबताना दिसलं. परत फास? जवळ जाऊन बघितलं तर पतंगाचा मांजा होता, एवढंच. हात कापणार नाही असं जपून मी तो सोडवला, अंगठा आणि करंगळीभोवती गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. मामींनी बघितलं. नुसत्या हसल्या.