मऊ बर्फ

आइस हॉकीवाल्यांना बर्फ टणक लागतो, फिगर स्केटिंगवाल्यांना जरा मऊ. स्केटिंगची मोठी स्पर्धा आपल्याच शहराला मिळणार, असा शब्द यजमान शहर निवडणाऱ्या समितीवरच्या धाकट्या भावाने दिला, म्हणून स्टेडियमच्या बर्फवाल्याने हॉकीवाल्यांच्या शिव्या खाऊन बर्फ मऊ राखला. पाहणीला आलेल्या समितीने हॉटेलातल्या गाद्या दाबून पाहिल्या, बर्फाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तरी भाऊ आहे की, म्हणत हा निर्धास्त.

शहर एका मताने हरलं.

“माझंच मत तिकडे गेलं, दादा,” टायची गाठ चाचपत भाऊ म्हणाला. “त्यांनी उपाध्यक्षपद देऊ केलं.”

“लहानपणी पडू नयेस म्हणून याच बर्फावर तुझा हात धरायचो,” बर्फवाला म्हणाला. “तेव्हाच सोडायला हवा होता.”