दोन्ही गटांना न पटलेले पाळकसाहेब

पाळकसाहेबांची आणि माझी पहिली भेट चर्चच्या दारात झाली, तीही भांडणातून. मी बदली होऊन लाखांदूरच्या शाळेत आले होते. पहिल्याच रविवारी एका गृहस्थांनी मला अडवून विचारलं, "बाई, तुमी कोन्या गटाच्या?" आमच्या बाप्टिस्ट संघात दोन तट पडलेत आणि दोघेही स्वतःलाच खरे म्हणवतात, एवढंच माझ्या कानावर होतं. तेवढ्यात आतून पाळकसाहेब, रेव्हरंड मनोहरराव, आले. "बाई उपासनेले आल्या आहेत, त्याईले बसू द्या," म्हणाले आणि स्वतः खुर्ची सरकवून दिली. तेव्हापासून मी त्यांच्या बाजूची. त्याला कुणाला गट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

आमच्यात बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली दिल्यावर, पाण्यात पूर्ण बुडवून देतात. असा बाप्तिस्मा झालेल्यालाच मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, सभेत आणि संघाच्या निवडणुकीत मत असतं. पुढाऱ्यांनी यातली मेख बरोबर हेरली. संघाची निवडणूक जवळ आली की यांना लोकांच्या आत्म्यांचा भारी कळवळा येतो! एका वर्षी एका गटाने टेम्पो भरून माणसं तलावावर आणली. पाळकसाहेब पांढरा झगा घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. पहिल्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "बाबाजी, काहून आलेत जी?"

"त्या काठावरच्या साहेबानं आनलं. बुडी मारली का मत देता येते म्हने. मंग जेवन हाये."

पाळकसाहेब हसले नाहीत. "मंग जेवून घ्या. बाप्तिस्मा कायले घाईनं घेता? मनातून वाटन तवा या, मी इथंच आहो," म्हणाले आणि सरळ पाण्याबाहेर आले. काठावरचा पुढारी ओरडला, "प्रवचनाच्या पुलपिटावरून उतरवून टाकू तुमाले!" झगा पिळता पिळता त्यांनी उत्तर दिलं, "मंडळीनं निवडलं, मंडळीच उतरवन."

दुसरा गट खूश होऊन हार घेऊन आला. पहिल्या गटाच्या दुसरीकडच्या पाळकांनी दिलेले बाप्तिस्मे खोटे ठरवून त्या लोकांना पुन्हा बुडवा, अशी त्यांची मागणी होती. पाळकसाहेबांनी हार परत केला. "देवाच्या नावानं एकदा पान्यात गेला तो गेला. मानूस आहे तो, कपडा नोहे, घडीघडी बुडवाले."

झालं! एरवी कशावरही एकमत न होणाऱ्या दोन्ही गटांचं यांना काढण्यावर एकमत झालं. मंडळीची सभा भरली. दोन्हीकडचे पुढारी पहिल्या रांगेत शेजारी शेजारी बसलेले पाहून मला रागही आला आणि हसूही. तेव्हा तलावात मासे धरून घर चालवणाऱ्या आमच्या सीताबाई उठल्या. "माहा पोरगा गेला तवा साहेब चिखल तुडवत आले, माह्यासंग रडले. तुमचे दोनी गट तवा कोठी होते जी?" लगेच मतदान झालं. बहुतेक हात त्यांच्या बाजूने वर झाले आणि पाळकसाहेब राहिले.

त्यांचे दोष नाहीत असं नाही. प्रवचन लांबलं की घरचा भात थंड होतो, आणि कुणी आठवण केली तरी ते घड्याळाकडे बघत नाहीत. पण त्या लांबलेल्या प्रवचनात दोन्ही गटांची माणसं एकाच बाकावर बसलेली असतात, आणि येशूच्या स्मरणार्थ होणाऱ्या प्रभुभोजनाची भाकर एकाच ताटातून घेतात. जिल्ह्यात हे आता फार ठिकाणी दिसत नाही.

पाळकसाहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात कुणी लिहू नये, असा निरोप दोन्हीकडून आला आहे. लिहिणाऱ्याचं सभासदत्व जाईल म्हणे. मी पूर्ण नावानिशी लिहिते आहे. ज्यांना काढायचं त्यांनी काढावं, पुढच्या रविवारी मी त्याच बाकावर असेन.

हल्ली दोन्ही गट एकच गोष्ट बोलतात, "म्हाताऱ्याचं बरंवाईट होऊ द्या, मंग चर्च आपलंच." तर पाळकसाहेब, तुमचे गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, पाण्यात उभं राहायचं बळ टिको. पंच्याहत्तरी झाली, शंभरीही याच मंडळीत करू. वाट पाहणाऱ्यांना पाहू द्या, त्यांचेही केस पिकू द्या.