सोफ्याला दिलेली वाफ

माझी सगळी नोकरी जंतूंच्या सहवासात गेली, पण त्यांनी मला कधी तोंडघशी पाडलं नाही. ते काम एका सोफ्याने केलं.

लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी जंतूंवर काम करतो आणि गोमती नगरात फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या जानेवारीत आमच्या ऋचाने जाहीर केलं, की अनुभवचे आईवडील रविवारी चहाला येणार आहेत. अनुभव म्हणजे तिने स्वतःच पसंत केलेला मुलगा. आता त्याच्या आईवडिलांच्या पसंतीस उतरायचं होतं ते आम्हाला!

"बाबा, आंटी को सफाई का बहुत है," ऋचा म्हणाली. (आमची लेक मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते.) "किसी के घर पानी भी गिलास देखकर पीती हैं."

"फडकं मारून घेऊ सगळीकडे," बायको म्हणाली.

"सुनंदा, फडक्याने जंतू मरत नाहीत. ते फक्त खोली बदलतात!"

आणि मी वाफेचं यंत्र विकत आणलं. पोटात पाणी, पुढे नळी, नळीच्या तोंडातून फुसफुसणारी वाफ. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या टाइल्सवर ती सोडली, तर चिमणीमागचा जुना तेलकट थर अक्षरशः ओघळून खाली आला. सुनंदाच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर दिसला. तो मला सवयीचा नसल्यामुळे माझा तोल गेला. मी सोफ्याकडे वळलो.

दुसरा कोणी असता तर त्याने वरवर वाफ फिरवून सोडून दिलं असतं. पण मला शास्त्र माहीत! वाफ एका जागी धरून ठेवल्याशिवाय जंतू मरत नाहीत. मी धरून ठेवली. प्रत्येक गादीवर, प्रत्येक कोपऱ्यात, अगदी मन लावून. सोफाही मन लावून पाणी पीत होता.

"अहो, हे वाळणार कधी?" सुनंदाने खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर इतकं धुकं, की समोरची इमारत दिसत नव्हती. सूर्य बहुधा सुट्टीवर होता.

मग हीटर लावला, ऋचाचा केस वाळवायचा ड्रायर फिरवला. दुपारपर्यंत वरचं कापड हाताला कोरडं लागलं.

"वाळला!" मी जाहीर केलं आणि वर चादर घातली.

अनुभवचे वडील मिश्राजी आले. उंच, शिडशिडीत, फिकट रंगाची पँट घातलेले निवृत्त प्राचार्य. सोबत त्यांच्या पत्नी आणि अनुभव. नवराबायको सोफ्यावर बसले. अनुभव आणि मी खुर्च्यांवर.

थोडा वेळ सगळं छान चाललं. मग मिश्राजी बोलता बोलता मध्येच थांबले. त्यांनी हळूच खाली पाहिलं. चेहरा उतरला. त्यांच्या पत्नीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग घाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे.

कापड कोरडं होतं, पण आतला फोम? त्यावर माणूस बसला, की पाणी वर येणारच! हे मला शाळेतल्या मुलानेही सांगितलं असतं.

"चलिए ना, घर दिखाती हूँ," सुनंदा उत्साहाने म्हणाली.

"नहीं नहीं भाभीजी, हम यहीं ठीक हैं," मिश्राजी घाबरून म्हणाले. मग अनुभवला जवळ बोलावून कुजबुजले, "बेटा, गाड़ी से मेरी शॉल ले आओ. बड़ी वाली."

आता मला उलगडा झाला. त्या भल्या माणसाला वाटत होतं, की हे त्यांच्याकडूनच झालंय! त्यांच्या पत्नीलाही तेच वाटत होतं. आणि दोघंही प्राण गेला तरी बोलणार नव्हते.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मिश्राबाई सुनंदाला म्हणाल्या, "आप भी तो बैठिए, कब से खड़ी हैं," आणि तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

सुनंदा बसली. आणि ताडकन उठली!

"अगं बाई! अहो, हे सगळं ओलं आहे!"

मिश्राजींना मराठी येत नव्हतं, पण तिचा हात साडीच्या मागच्या बाजूला गेलेला त्यांना दिसला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाबा!" ऋचा ओरडली. "आपने तो कहा था सोफा सूख गया!"

मिश्राजींनी एक डोळा उघडला.

"सोफा... गीला है?"

"जी," मी म्हणालो.

"पहले से?"

"सुबह से. मैंने भाप दी थी. जंतू... मतलब कीटाणू मारने के लिए."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला, की मला वाटलं आता सोफा वाळेल. "भाभीजी," ते म्हणाले, "एक चाय और मिलेगी?" मग त्यांच्या पत्नी हसायला लागल्या, त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

लग्नाची तारीख त्याच संध्याकाळी ठरली. मिश्राजींनी तेव्हा माझा पायजमा घातला होता आणि तो त्यांच्या पोटऱ्यांवरच संपत होता.

लग्नात व्याह्यांनी त्यांच्या एका पाहुण्याशी माझी ओळख करून दिली. "हमारे समधी. बहुत बड़े वैज्ञानिक हैं!"

पाहुण्यांनी मोठ्या आदराने हात जोडले. मी शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "बैठिए ना."

त्यांनी आधी खुर्चीला हात लावून पाहिला.