हरकतीतला पहिला मुद्दा

नगरपालिकेत मसुदा लिहावा तर हेडक्लार्कनेच. नळाच्या तक्रारीला तो असं उत्तर लिहायचा की तक्रार करणाराच ओशाळून आभार मानायला यायचा. घरी मात्र त्याचं काही चालत नसे. घरात राज्य बेबीचं. बेबी म्हणजे त्याची धाकटी बहीण. वय एक्केचाळीस, समज पाच-सहा वर्षांच्या मुलीची. आई गेल्यापासून घरात दोघंच. "भाऊ, मोजे उलटे घातलेस," असं ती रोज सकाळी त्याला तपासून सांगायची, आणि बहुतेक वेळा तिचं खरं निघायचं.

गेली नऊ वर्षं बेबी नगरपालिकेच्या दिवसकेंद्रात जात होती. पाण्याच्या टाकीमागची एक लांबट खोली, बेबी धरून तसलीच अकरा मोठी माणसं, आणि त्यांना सांभाळणाऱ्या एक बाई. तिथे ती कागदी पाकिटं चिकटवायला शिकली. त्याआधीची सगळी वर्षं तिने खिडकीत बसून काढली होती. पहिलं पाकीट तिने घरी आणलं त्या दिवशी हेडक्लार्क बाथरूममध्ये जाऊन रडला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, तेव्हा आपल्यातच राहू द्या.

मग राज्य सरकारचा हुकूम आला. कुठल्याही शहराने वर्षाला ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे खर्च करायचा नाही. लोक खुशीने जास्त कर द्यायला तयार असले तरी नाही. शहर खवळलं. पैसा आमचा, रस्ते आमचे, आणि हे कोण टिकोजीराव सांगणारे? नगराध्यक्षांनी हेडक्लार्कला बोलावलं. "अशी हरकत लिहा की वाचणाऱ्याला पाझर फुटला पाहिजे. मर्यादा लागली तर काय काय बंद करावं लागेल, त्याची यादीच द्या."

इथे त्या शहाण्याची बुद्धी फिरली. बाग, वाचनालय, रस्त्यावरचे दिवे, हे सगळं सरकार खुशाल बंद करायला सांगेल. पण या अकरा जणांना घरी बसवायला कुणाची जीभ रेटेल? म्हणून यादीत पहिलंच त्याने दिवसकेंद्र घातलं आणि जीव ओतून त्यावर दीड पान लिहिलं. सभेत ते वाचलं तेव्हा विरोधकांनीसुद्धा डोळे पुसले. हरकत एकमताने मंजूर झाली. केंद्राच्या बाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून आम्हाला घोर नाही."

दोन महिन्यांनी उत्तर आलं. साडेतीन ओळी. मर्यादा कायम, शहराने स्वतःच दिलेल्या यादीच्या क्रमाने कपात करावी. हेडक्लार्कने ते चारदा वाचलं. मग तो कागद घेऊन तसाच नगराध्यक्षांकडे धावला बिचारा.

"साहेब, तो क्रम तसा नव्हता हो," तो नगराध्यक्षांना म्हणाला. "त्यांना दया यावी म्हणून मी तसं लिहिलं."

"मला कळतंय ना." नगराध्यक्ष काही वाईट माणूस नव्हते. "पण आता वेगळं सांगितलं तर ते म्हणणार, तुमची हरकतच खोटी होती." कागद परत देत ते म्हणाले, "बंदची नोटीस तुम्हालाच लिहावी लागेल. दुसऱ्या कुणाला जमत नाही."

त्याने ती लिहिली. शुक्रवारी केंद्राला कुलूप लागलं. बाईंना दुसऱ्या गावी काम मिळालं, त्या निघून गेल्या.

सोमवारी बेबी वेणी घालून दाराशी तयार. तो म्हणाला, आज सुट्टी. मंगळवारीही सुट्टी, बुधवारीही. गुरुवारी तिने विचारलं, "भाऊ, मी पाकीट वाकडं चिकटवलं का?"

अरे देवा. माणसाने किती तुटायचं! "नाही गं. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

"तुझं होय?" बेबीचा चेहरा खुलला. नऊ वर्षांत तिने पुष्कळ चुका केल्या होत्या, तिला रीत ठाऊक होती. "मग बाईंना सॉरी म्हण. बाई लगेच आत घेतात."

बाई आता इथे नाहीत, एवढंच सांगायचं होतं. पण जन्मभर दुसऱ्यांसाठी शब्द जुळवणाऱ्या त्या माणसाला ते एक वाक्य बोलवेना. बेबीने त्याचा हात धरून त्याला टाकीमागे नेलं, त्या दारासमोर उभं केलं आणि त्याची कॉलर नीट केली.

"मोठ्याने म्हण," ती म्हणाली.

त्याने मोठ्याने सॉरी म्हटलं. बेबी एक पाऊल मागे सरकली आणि दार उघडायची वाट बघत उभी राहिली.