वारं लागलं

वाटूरच्या शिवारात धान्य उपणायचं म्हटलं की गिरिजाबाईंचं नाव निघे. उंच घडवंचीवर गड्यानं चढायचं, पाटीतलं धान्य वाऱ्यावर सोडून भुसा उडवायचा आणि बाईनं खालून पाटी द्यायची, असा रिवाज. पण त्यांच्या नवऱ्याला, तातेरावांना, भुशाचं वावडं. वर उभे राहिले की दम लागे. मग लग्नाच्या पहिल्याच साली गिरिजाबाईंनी पदर खोचला आणि चढल्या वर. गाव हसलं. हसेना का! तातेराव तोंडाला उपरणं बांधून खालून पाट्या देत राहिले. झुळूक आली की तेच ओरडत, "वारं लागलं गं!" मग पाटी रिकामी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा बाईंचा नेम.

पुढं मळणीयंत्र आलं, घडवंची गोठ्यात पडली. बाईंच्या विद्येला कुणी विचारीना. तातेरावांचा दमा मात्र वाढला. आता श्वास कोंडला की औषधाची वाफ देणारी मशीन लावावी लागते, आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. बाई पदरानं वारा घालत बसतात, जीव टांगणीला लागतो.

म्हणून मुलानं, मिथुननं, लहानशी पवनचक्की आणून गच्चीवर बसवली.

"माय, वारं पातं फिरवतं, त्यानं बॅटरी भरती. लाईट गेली तरी दादांची मशीन चालती."

"म्हंजी वाऱ्याकडून काम करून घ्यायचं. त्यात नवं काय रे?"

चक्की चार दिवस रुसून बसली. समोर भलंमोठं कडुलिंबाचं झाड! शिकलेल्या माणसाला उंची दिसते, वारा दिसत नाही. मिथुन फोन लावत बसला. आत तातेरावांची छाती वाजत होती.

गिरिजाबाईंनी सुपात भुसा घेतला. अंगणात, गोठ्यामागं, बांधावर थोडा थोडा सोडून पाहिला. कुठं तो पायाशी पडला, कुठं गरगरला. घरामागच्या जुन्या खळ्यावर मात्र सरळ उगवतीकडं गेला.

"हितं रोव."

"माय, हे तर गच्चीहून खाली हाय."

"आसू दे. मावळतीचं वारं हितं मोकळं येतंय. चाळीस वरीस उभी राह्यलेय म्या."

मिथुननं चक्कीचा खांब खळ्यावर हलवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी भर दुपारी लाईट गेली आणि तातेरावांचा श्वास कोंडला. बाईंनी त्यांच्या नाकातोंडावर मशीनचा मास्क चढवला आणि बटण दाबलं. मशीन घरघरली. खिडकीतून खळं दिसत होतं, चक्की गरगर फिरत होती. हळूहळू छाती निवळली. बाईंना रडू फुटलं.

तातेरावांनी मास्क जरा बाजूला सारला. "गिरिजे, वारं लागलं गं."

बाईंनी तो पुन्हा नीट बसवला.

"बोलू नका," त्या म्हणाल्या, "आधी पाटी रिकामी होऊ द्या."